मुलांचा चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? नुसता चष्मा बदलून भागणार नाही

केराटोकोनस या आजारात डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. नजर धूसर होते. लहान वयात तो झपाट्याने वाढतो.

सौदी अरेबियातील रियाधमध्ये ६ ते २१ वयोगटातील २७० जणांच्या तपासणीत साधारण २१ पैकी एकाला तो निघाला. हा अभ्यास २०१८ चा. आपल्याकडेही नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढील लोकांत हे प्रमाण २.३ टक्के आढळले होते.

उपाय आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेल्या क्रॉस-लिंकिंगमध्ये डोळ्यात रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील किरण देतात. पडदा मजबूत होतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली. दीड वर्षात उपचार न घेतलेल्यांपैकी ४३ टक्के मुलांचा आजार वाढला, उपचार घेतलेल्यांत फक्त ७ टक्क्यांचा. मात्र हा उपचार आजार थांबवतो, गेलेली नजर पूर्ण परत आणत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

खरी अडचण इथेच आहे. शाळेतल्या अक्षरांच्या तक्त्यावर सुरुवातीचा आजार सहसा कळत नाही. त्यासाठी कॉर्नियल टोपोग्राफी लागते, आणि ते महागडे यंत्र मोठ्या शहरातच सापडते. बंगळुरूत स्मार्टफोनला जोडायचे स्वस्त उपकरण तयार झाले आहे. असे साधन शाळा तपासणीच्या पथकांच्या हाती आले, तर चित्र बदलेल.

तोवर पालकांनी एवढे करावे: पोरगं सारखे डोळे चोळत असेल, नंबर वरचेवर बदलत असेल, तर डॉक्टरांना टोपोग्राफीबद्दल जरूर विचारावे.