शिबिरातले ताट आणि घरातले ताट

वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे गाव. या पट्ट्यात सोयाबीन आणि तुरीवर संसार चालतात. पावसाळ्यात त्याची डवरणी, तिचे निंदण; दोघेही दिवसभर राबतात आणि सायंकाळी एकाच वाटेने घरी परततात. मात्र उंबरठा ओलांडताच वाटा वेगळ्या होतात. तो हातपाय धुऊन ओसरीवर टेकतो, ती पदर खोचून चुलीपुढे बसते. पुण्या-मुंबईच्या नोकरदार दांपत्याच्या सदनिकेत चुलीच्या जागी गॅस असतो, एवढाच काय तो फरक.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात, ते ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत तिचा भार जेमतेम दहा मिनिटांनी हलका झाला आणि त्याचा हातभारही नऊ मिनिटांनी आटला.

हा विषय निघाला की ‘ही पाश्चात्त्य स्त्रीमुक्तीची भाषा’ असे म्हणून तो बाजूला सारण्याची सवय आपल्याकडे आहे. पती-पत्नीला परस्परांचे प्रतिस्पर्धी मानून मिनिटांचा हिशेब मांडणे ही आपली दृष्टी नव्हे, हे खरेच. परंतु आपली दृष्टी तरी काय सांगते? महाराष्ट्राचे लोकदैवत विठ्ठल. तो जनाबाईसोबत जात्यावर दळायला बसला, ही कथा इथल्या लोकमानसाने शतकानुशतके प्रेमाने जपली. देवाला जे काम कमीपणाचे वाटले नाही, ते त्याच्या भक्ताला का वाटावे?

प्रश्न सवयीचा म्हणावा, तर तेही टिकत नाही. संघाच्या शिबिरात स्वयंसेवक पंक्तीला वाढतो, परिसर झाडतो, स्वतःचे ताट स्वतः घासतो आणि त्यात त्याला संस्कार दिसतो. तोच स्वयंसेवक घरी परतल्यावर जेवून ताटावरून उठतो आणि ते उचलायला पत्नी किंवा आई येते. शिबिरात जी सेवा, ते घरात बायकांचे काम कसे ठरते?

लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ साली वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा त्या विधवा होत्या आणि मुलाबाळांची जबाबदारी त्यांच्यावर होती. असे असामान्य कर्तृत्व प्रत्येक गृहिणीकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. तिचा दिवस स्वयंपाकघरातच संपत असेल, तर वाचन, आरोग्य आणि समाजकार्य यांसाठी ती वेळ आणणार कोठून? मातृशक्तीचा व्यासपीठावरील गौरव तिला एक मोकळा तासही देत नाही.

याहून मोठा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. बाळाला आंघोळ घालणारा, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागणारा पिता ज्या मुलाने पाहिला, त्याला स्त्रीसन्मानाचे बौद्धिक वेगळे द्यावे लागत नाही. शताब्दीच्या निमित्ताने संघाने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनही आहे. त्यासाठी परिषदा भरतील, व्याख्याने होतील, ती व्हावीतही. पण त्याचा खरा आरंभ रात्रीच्या जेवणानंतर स्वतःचे ताट स्वतः घासण्याने होईल.