धूर विरला, मातीचे काय?

आग म्हणजे काय, हे माहुलकरांस सांगावयास नको. ८ ऑगस्ट २०१८ रोजी येथील भारत पेट्रोलियमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन ४० हून अधिक जण जखमी झाले. त्यापूर्वी जानेवारी २०१६ मध्ये जवळच्या देवनार क्षेपणभूमीस आग लागून धूर कित्येक दिवस उपनगरांवर पसरला होता. चर्चा झाली ती मुख्यत्वे हवेची.

मातीतील सेंद्रिय द्रव्य, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शिसे, तांबे आदी जड धातूंना धरून ठेवते. सुमारे ५०० अंश सेल्सिअस उष्णतेत ते बहुतांशी जळते, धातू उरतात. पारा तेवढा वाफ होऊन उडतो. साधे क्रोमियम तर तापल्यावर कर्करोगकारक रूप घेऊ शकते. पावसाळ्यात अशी राख खाडीकडे वाहते, म्हणून जळालेल्या जागेची माती त्यापूर्वीच तपासावयास हवी. देवनारच्या आगीनंतर त्यासाठी चार महिने हाती होते.