काडतुसाचं कर्ज

१ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझपदक मिळवलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मला मात्र एक जुना कर्जाचा अर्ज आठवत राहिला.

अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, त्यानंतरची गोष्ट. एक गुरुजी बँकेत माझ्यासमोर येऊन बसले. ‘साहेब, पोरीला रायफल घ्यायचीय. नेमबाजीची.’ म्हैस, ट्रॅक्टर, घरदुरुस्ती, सगळ्याला आमच्याकडे रकाना होता, रायफलीला नव्हता. ‘गुरुजी, नियमात बसत नाही हो,’ म्हणत मी अर्ज परत केला. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले.

रायफल म्हटली की जुन्या माणसांना शिकार आठवते. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी ती हौस बंद केली, हे बरंच झालं. आता उरलं ते कागदावरचं लक्ष्य. सुरुवात होते १० मीटरवर, हवेच्या रायफलीनं. तिथला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! पहिल्याच दिवशी स्वतःची रायफल घ्यायची गरज नसते, क्लबची चालते. आधी शिकायचं ते स्थिर उभं राहणं, श्वास आवरणं आणि चाप अलगद ओढणं.

खर्चाची चढण लागते ती ५० मीटरवर. तिथं .२२ ची रायफल, तिचा परवाना, आणि गुडघ्यावर, झोपून व उभ्यानं असा तिन्ही प्रकारांचा सराव. हवेच्या रायफलीचा छर्रा स्वस्त असतो, काडतूस महाग. आणि सरावात शेकड्यांनी काडतुसं उडतात. पगारदाराचं घर अडखळतं ते इथंच.

स्वप्नीलच्या शिक्षक वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढलं होतं. कोल्हापूरला हे नवं नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. महाराष्ट्राच्या या दोन वैयक्तिक ऑलिंपिक पदकांत ७२ वर्षांचं अंतर. पण दोन्हींच्या मुळाशी कुणाचा तरी कर्जरोखा आहे.

स्वप्नीलला क्रीडा प्रबोधिनी मिळाली, पुढे रेल्वेची नोकरी मिळाली, हे मान्य. पदकानंतर राज्य सरकारनं १ कोटी रुपयेही जाहीर केले. पण काडतुसं लागतात ती पदकाच्या आधी, चौदा-पंधराव्या वर्षी, जेव्हा पोराचं नाव तालुक्यातही कुणाला ठाऊक नसतं. त्या वयातल्या होतकरू मुलांना जिल्ह्याच्या रेंजवर सरावापुरती काडतुसं मिळाली आणि बँकांनी खेळाच्या साहित्यासाठी सवलतीचं कर्ज दिलं, तर पुष्कळ घरं निभावतील.

त्या गुरुजींच्या पोरीचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. अर्ज मात्र वरच्या कार्यालयाकडे शिफारस करून पाठवता आला असता. तेवढंही मी केलं नाही.