सरड्याची धाव पवनचक्कीपर्यंत

पावसाच्या तोंडावर उत्तनच्या कुंपणांवर लाल गळ्याचे सरडे दिसू लागतात आणि आमच्या ओपीडीत ठरलेला प्रश्न येतो : ‘डॉक्टर, सरड्याने रक्त शोषलं तर?’ उत्तरही ठरलेले. विणीच्या काळात नराचा गळा लाल होतो, तो कुणाच्या रक्ताने नव्हे. आपल्याकडच्या सरड्याच्या चाव्याने विष चढत नाही. चावलाच तर जखम साबणाने स्वच्छ धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन हवे का, ते डॉक्टर सांगतील. पण तोवर सरड्याच्या डोक्यात बहुधा दगड बसलेला असतो.

या सरड्याचा एक भाऊबंद साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर राहतो. नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा असतो. पूर्वी असे पंखावाले सरडे बहुतेक एकाच जातीत मोजले जात. २०१६ मध्ये शरीररचना आणि डीएनए तपासून संशोधकांनी ते वेगळे केले. नव्या प्रजातीला नाव मिळाले ‘सरडा’, आपल्याच बोलीतले. आणि या जातीला ‘सरडा सुपर्बा’.

त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि सरडे वाढलेले. वरवर पाहता सरड्यांची चंगळच. प्रत्यक्षात गर्दीमुळे अन्नाची ओढाताण झाली. सरडे रोडावले, गळ्याचे रंग फिके पडले. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते. पकडल्यावर त्यांच्या रक्तातले तणावाचे संप्रेरकही इतरांपेक्षा कमी वाढत होते. भीती गेली म्हणजे प्रकृती सुधारली असे नव्हे, हे आम्हा डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

म्हणून पवनचक्क्या नकोत का? तसे मुळीच नाही. कोळशाच्या धुराने बेजार झालेले दमेकरी आम्हीच तपासतो. पण औषध लिहिण्याआधी आम्ही रोग्याला तपासतो, तसे पठारावर ‘पडीक’ असा शेरा मारण्याआधी तिथे कोण राहते ते मोजावे. पक्षी आणि सरडे मोजल्याशिवाय जागा ठरवू नये, आणि पाती फिरू लागल्यावरही मोजणी थांबवू नये.

आणि उत्तनकरांनो, कुंपणावरचा तो लाल गळेवाला किडे खाऊन जगतो, रक्तावर नाही. हातातला दगड खाली ठेवा.