अंड्याचा ट्रे अन् फुकटची रोपवाटिका



गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला सहा-सात जणांनी पाठवला. अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला, खळग्यात माती भरली, बी टाकलं, वरून पाण्याचा फवारा मारला, अन् पुढच्याच मिनिटाला हिरवीगार रोपं वर आली. खाली लिहिलेलं, "प्रो-ट्रेचा खर्च शून्य, मिरचीची रोपवाटिका फुकटात." व्हिडिओवाल्याला वीस लाख लोकांनी बघितलं म्हणे. त्या वीस लाखांतल्या एकानं तरी विचारलं का, की बाबा, चाळीसाव्या दिवशी त्या रोपाचं काय झालं?

आपला भाग मिरचीचा. धर्माबादच्या मिरचीचं नाव लांबवर हाय. आता गिरणीत माल खम्मम-गुंटूरकडनंबी येतो अन् शिवारात सोयाबीन-कापूस पसरला, तरी ज्यांच्याकडं विहिरीचं पाणी हाय ते अजून मिरची धरतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मे महिन्यात टाकलेलं बी गेलं की नुसतं बी जात नाही, पंधरा-वीस दिवस जातात, अन् ते दिवस कोणत्या दुकानात विकत मिळत नाहीत.

आधी हिशोब करू. दोन बाय दोन फुटावर लावली तर एकरी अकरा हजाराच्या आसपास झाडं बसतात. तुटाळ भरायला धरून बारा हजार रोपं पायजेत. अंड्याच्या ट्रेला खळगे ३०. म्हंजे ४०० ट्रे. चारशे ट्रे म्हंजे बारा हजार अंडी! घरात रोज पाच अंडी खाल्ली तरी साडेसहा वर्षं लागतील एका एकराचे ट्रे जमवायला. मग ते आणायचे कुठून? भुर्जीच्या गाड्यावरून, ढाब्यावरून, किराणा दुकानातून. तिथं ते फुकट मिळत नाहीत, अन् मिळाले तरी कशाने भरलेले असतात ते पुढं सांगतो.

जागेचा हिशोब बघा. एक अंड्याचा ट्रे जवळपास एक चौरस फूट जागा धरतो. चारशे ट्रेला चारशे चौरस फूट. ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेत तीच रोपं सव्वाशे ट्रेमध्ये अन् त्याच्या निम्म्या जागेत बसतात. म्हंजे शेडनेट दुप्पट, पाणी दुप्पट, वाकून वाकून पाणी घालणाऱ्या बाईची मजुरीबी दुप्पट. ही मजुरी व्हिडिओत दिसत नाही, कारण तिथं एकच ट्रे असतो अन् तोबी टेबलावर.

आता कागदाचं. हे ट्रे रद्दी पाण्यात भिजवून, तिचा लगदा करून, जाळीच्या साच्यावर ओढून वाळवलेले असतात. आधीच एकदा वापरलेला कागद, धागा आखूड. पाणी लागलं की पंधरा-वीस दिवसांत तो भाकरीच्या पिठासारखा मऊ होतो. मिरचीचं रोप लागवडीला यायला ३५ ते ४० दिवस लागतात. तोवर ट्रे उचलायला जावा तर हातात तळ येतो अन् रोप जागेवर. खळगा असतो दीड-पावणेदोन इंच खोल. त्याच्या खाली पाणी निथळायला भोक नाही. मुळी खाली जायला जागा नाही म्हणून ती आडवी पळती, शेजारच्या खळग्यात शिरती, अन् काढताना दोन्हीच्या मुळ्या तुटतात.

अन् आपलं ऊन! मे महिन्यात धर्माबादला पारा ४२-४३ ला जातो. प्लॅस्टिकच्या कप्प्यातलं पाणी फक्त वरून उडतं. कागद चहूबाजूंनी पाणी पितो अन् चहूबाजूंनी हवेला देतो, माठासारखं. सकाळी घातलेलं पाणी दुपारी बाराला गायब. म्हणून माणूस तीन-चार वेळा पाणी घालतो, मग कागद सदा ओला राहतो, अन् ओल्या कागदात रोपाची मान बुडख्याजवळ सडून रोप कोलमडतं. मर लागली मर लागली म्हणून ओरड करायची, अन् औषधाचं पाकीट आणायचं. झाली का फुकटची रोपवाटिका?

मागच्या उन्हाळ्यात इकडच्याच एका गावात एका तरुण पोरानं साठ ट्रे लावले होते. मी बघून आलो. पोरगा मेहनती, आळशी नाही. पण विसाव्या दिवशी रोपं पिवळी पडलेली. त्याला दुकानवाल्यानं विद्राव्य खत दिलं, सूक्ष्म अन्नद्रव्य दिलं. कुणी त्याला सांगितलं नाही की कागद कुजताना कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी आपण खातात, रोपाला मागं उरतं ते उरतं. कडबा ताजा गाडला की त्या वर्षी पीक पिवळं पडतं हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. कागदबी शेवटी कडब्याचाच भाऊ. व्हिडिओत मात्र म्हणतात, "ट्रे कुजून रोपाला खत मिळते." कशाचं खत? कागदात नत्र नसल्यातच जमा.

संकरित मिरचीचं दहा ग्रॅमचं पाकीट किती रुपयाला येतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यात दीड हजाराच्या आसपास बी. एवढं महागाचं बी फुकटच्या ट्रेत घालायचं म्हंजे सोनं कागदाच्या पुडीत बांधून पावसात ठेवायचं.

ही रीत चुकीची हाय असंबी नाही. ती थंड देशातली हाय. तिकडं बाहेर बर्फ असतं तेव्हा घरातल्या खिडकीत दहा-बारा टोमॅटोची रोपं करायची असतात. ऊन कोवळं, कागद वाळत नाही, अन् परसात लावायला दहा रोपं पुरतात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर. आपण कामून त्यांची खिडकी उचलून आपल्या रानात आणतो?

ज्याला खरंच पैसा घालायचा नाही त्यानं गादीवाफा करावा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच, कुजलेलं शेणखत, बोटभर खोल ओळी चार-चार बोटांवर, अन् वरून बारीक नायलॉनची जाळी. जाळीला पैसे लागतात, पण ती पाच-सहा वर्षं चालती अन् फुलकिडे-पांढरी माशी बाहेर ठेवती. चुरडा-मुरडा रोपातूनबी रानात जातो, ट्रेच्या भांडणात ही गोष्ट सगळे विसरतात. जे प्रो-ट्रे घेतील त्यांनी जपून वापरले तर दोन-तीन हंगाम जातात. शंका असली तर सगरोळीचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ हाय, तिथं जाऊन विचारा, मोबाईलला विचारू नका.

मग ट्रे टाकून द्यायचा का? नाही. इथं माझं भांडण दुसऱ्या बाजूशीबी हाय, जे शिकलेले लोक "कचरा हाय, जाळून टाका" म्हणतात त्यांच्याशी.

दोडकं, कारलं, दुधी, काकडी या वेलांना तो चालतो. या वेलांची मुळी दुखावली की ती रुसतात, अन् ती बारा-पंधरा दिवसांतच लावायला येतात, म्हंजे कागद विरघळायच्या आत. परसातल्या मांडवाला वीस-तीस रोपं करायची तर ट्रेसारखं सोपं काही नाही. भरायच्या आधी प्रत्येक खळग्याच्या बुडाला काडीनं भोक पाडा. लावताना खळगा कापून कागदासकट लावा, बूड थोडं फाडा, अन् कागदाची कड मातीच्या वर अजिबात ठेवू नका. कड उघडी राहिली तर ती दिव्याच्या वातीसारखी खालचं पाणी ओढून हवेत घालवती.

गांडूळखताच्या वाफ्यात तर तो सोन्यासारखा. रात्रभर भिजवून फाडायचा, एक घमेलं कागदाला तीन-चार घमेली अर्धवट कुजलेलं शेण. नुसतं शेण अन् भाजीपाला टाकला की वाफा चिकट होतो, वास मारतो. कागदानं हवा खेळती राहती, अन् उचलून बघा, गांडुळं त्या खळग्याखालीच गोळा झालेली असतात. रंगीत चकचकीत छापील डबे अन् शहरातनं येणारे प्लॅस्टिकचे सहा-बारा अंड्यांचे डबे मात्र वाफ्यात नको.

आंब्याला वापरा. गावरान आंबा आढीत घातला की एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो. ट्रेत एकेक वेगळा ठेवला तर सडका लगेच दिसतो. लिंबं, टोमॅटो, सीताफळं तशीच. पण ट्रेची थप्पी स्वयंपाकघरात साठवू नका. झुरळाला त्याहून आवडतं घर नाही. परदेशात किडे पाळणारे लोक मुद्दाम अंड्याचे ट्रे घालतात, किड्यांना लपायला जागा पायजे म्हणून. आपण काय झुरळं पाळायची का?

एक बाजूची गोष्ट. हल्ली गावातली पोरं गाणी रेकॉर्ड करायला खोली करतात अन् भिंतीभर ट्रे चिकटवतात, आवाज बाहेर जात नाही म्हणून. जातो. पातळ कागदानं आवाज अडत नाही, खोलीतला घुमारा थोडा बदलतो एवढंच. वायरीची ठिणगी पडली तर मात्र ती खोली गंजीसारखी पेटल. पत्र्याखाली ऊन लागू नये म्हणून लावणाऱ्यांनाबी हेच सांगणं.

आता कोंबड्यांचं. व्हिडिओवाले सांगतात, ट्रे खुराड्यात टाका, कोंबडी त्यात अंडी घालील, पिल्लांना दाणा त्यातच द्या. हे ऐकून मला खरंच राग आला.

हा ट्रे १९११ साली कॅनडात जोसेफ कॉयल नावाच्या पेपरवाल्याच्या डोक्यातनं निघालेल्या अंड्याच्या खोक्याचा भाऊ. एका शेतकऱ्याची अन् हॉटेलवाल्याची फुटक्या अंड्यांवरून भांडणं चालली होती, त्यावर त्यानं खोकं काढलं. अंडी फुटू नयेत एवढंच त्याचं काम. पण अंड्याला चिकटलेली विष्ठा कागद पिऊन घेतो, अन् कागद धुता येत नाही. आपल्याकडं अंडी सीमेपलीकडनं तेलंगणातनं येतात. तो ट्रे कोणत्या शेडमधनं निघाला, मधी किती शेडला जाऊन आला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. मानमोडी असो की बर्ड फ्लू, विषाणू विष्ठेतनं पसरतो, अन् ट्रे, गाडीची चाकं, माणसाच्या चपला ही त्याची वाहनं.

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या, तपासात बर्ड फ्लू निघाला. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, तिथंबी तेच. हे ट्रेमुळंच झालं असं मी म्हणत नाही. पण एवढं जवळ येऊन गेल्यावर परक्या शेडची विष्ठा लागलेला कागद आपल्या पिल्लांच्या तोंडाशी कामून ठेवायचा? बचत गटाच्या बाईनं दहा-वीस कावेरी, गिरिराज पाळल्या, त्याच्यावर तिचा तेल-मिठाचा खर्च चालतो. तिच्या दारात मानमोडी आली तर चार दिवसांत खुराडं रिकामं.

अंडी नीट शिजवून बिनधास्त खा, त्याचं काही नाही. पोरांना तर द्याच. सरकारनं २०२३ च्या शेवटी शाळेत अंडं सुरू केलं अन् २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला, तो राग वेगळा, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी लिहितो. गुरुजींना एवढंच सांगणं, पोरांच्या हस्तकलेला डाग लागलेला ट्रे देऊ नका, अन् कोराच मिळाला तरी काम झाल्यावर साबणानं हात धुवायला लावा.

अन् ज्यांची पाचशे-हजार पक्ष्यांची शेड हाय त्यांनी अंडी नेणाऱ्याला स्पष्ट सांगावं की जुने कागदी ट्रे माझ्या शेडमधी उतरायचे नाहीत. प्लॅस्टिकचे आण, अन् तेबी फाटकाच्या बाहेर आधी साबणपाण्यानं घासून विष्ठा काढ, मग जंतुनाशकात बुडव, मग उन्हात वाळव. नुसतं औषध मारून भागत नाही, घाणीखाली औषध पोचत नाही. तो कुरकुर करील, दुसऱ्या शेडला जातो म्हणील. जाऊ द्या. पण चार-पाच शेडवाल्यांनी मिळून एकाच दिवशी सांगितलं तर कुठं जाईल?