आधी फडा खाली ठेवा

"डाक्टरसाहेब, थर्मामीटर फुटलं ना जी. पारा घरभर पांगला. पोरगं त्याच्याशी खेळून राहिलं. काय करू?"

असा फोन आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी आला आहे. आणि दहापैकी नऊ वेळा आपण एकच उत्तर दिले आहे: "काही होत नाही, झाडून बाहेर टाका." या अंकाचे संपादकीय त्या उत्तराबद्दल आहे. ते उत्तर चुकीचे आहे. ते मीही अनेक वर्षे दिले, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्याबाबतीत तर पारा मीच घरात नेला होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात एका आजींना तपासायला गेलो होतो. बी.पी.चे पाऱ्याचे मशीन बाजेच्या कडेवर ठेवले. पट्टा सोडताना ते घसरले आणि काचेची नळी फुटली. सारवलेल्या जमिनीवर चांदीचे मणी धावत सुटले. घरातल्या सुनेने फडा घेतला, दोन नातवंडांनी हातांवर गोळे नाचवले, आजींनी उरलेला पारा कौतुकाने वाटीत भरला. मी हसत उभा होतो. निघताना "मोरीत धुऊन टाका" एवढे सांगितले. मुले पुढे सहा-आठ महिने त्याच जमिनीवर झोपली असतील, हे तेव्हा डोक्यात आले नाही. आज ते आठवले की झोप लागत नाही.

त्या मशीनमध्ये 80 ते 100 ग्रॅम पारा असतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे हे सगळे चहाच्या दीड चमच्यात मावते. म्हणूनच तो क्षुल्लक वाटतो. थर्मामीटरमध्ये तर अर्धा ते दीड ग्रॅमच. आता हिशेब करू. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 28 घनमीटर हवा. जागतिक आरोग्य संघटनेने पाऱ्याच्या वाफेसाठी वर्षभराच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम अशी सुचवली आहे. त्या खोलीची हवा या मर्यादेपर्यंत नेण्यास 28 मायक्रोग्रॅम पारा पुरतो. अर्धा ग्रॅम म्हणजे पाच लाख मायक्रोग्रॅम. तो एका दिवसात उडत नाही. फटीत बसून थोडा थोडा उडत राहतो, आणि खरा धोका त्या सावकाशपणात आहे.

फडा का नको, याचे उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. एक मिलिलिटर पाऱ्याचा एकसंध गोळा असेल तर हवेला लागणारा त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तोच पारा फड्याच्या काड्यांनी फोडून 0.1 मिलिमीटरचे थेंब केले तर पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे सव्वाशे पटींच्या घरात. वाफ पृष्ठभागावरून सुटते. फडा मारणारी बाई घर स्वच्छ करत नसते, वाफेची भट्टी मोठी करत असते. शिवाय फड्याच्या काड्यांत बसलेले कण मग रोज सकाळी सगळ्या खोल्यांतून फिरतात. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, कारण तो पारा गरम करून मागच्या बाजूने हवेत फेकतो.

आपल्या जिल्ह्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. बुलडाणा शहर घाटावर, तुलनेने थंड. पण मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या खोऱ्यातली गावे मे महिन्यात कशी तापतात, हे तिथे दवाखाना चालवणाऱ्यांना सांगायला नको. 20 अंशांना बंद जागेतली हवा पाऱ्याची जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या जवळजवळ पाचपट 40 अंशांना धरते. परदेशी पुस्तकातली उदाहरणे थंड खोल्यांतली असतात. आपल्याकडे जानेवारीत फटीत गेलेला थेंब मे महिन्यात उठतो, आणि नेमके तेव्हाच सगळे घर जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेले असते. रांगणाऱ्या मुलाचे नाक तर पाऱ्यापासून वीतभरच दूर. त्याचा श्वासही आपल्यापेक्षा जलद.

आपल्या वाचकांत आयुर्वेदाचे पदवीधर बरेच आहेत. रसशास्त्रात पारदाच्या दोषांत चांचल्य हा एक दोष मोजला आहे, हे त्यांना ठाऊक आहे. गंधकाशी पारा खलात तासन्‌तास घोटला की काळी कज्जली होते, हेही त्यांनी हाताने केले आहे. त्यामुळे सांडलेल्या पाऱ्यावर गंधक भुरभुरले की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण भुरभुरणे म्हणजे घोटणे नव्हे. जमिनीवरच्या थेंबाला गंधकाचे पातळ कवच येते आणि वाफ काहीशी अडते, पण आतला पारा तसाच राहतो. फटीतला उरलासुरला कण अडवायला गंधक ठीक, उचलायचा पारा मात्र उचललाच पाहिजे.

मग फोनवर काय सांगायचे? पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढेच: मुले, गरोदर बाई आणि जनावरे खोलीबाहेर. पंखा आणि कूलर बंद. बाहेरची खिडकी उघडी, घरातल्या इतर खोल्यांकडे जाणारे दार बंद. चूल, शेगडी विझवलेली. ज्याचा पाय पाऱ्यावर पडला त्याने चप्पल तिथेच काढायची. आणि साफ करणाऱ्याने हातातली अंगठी, बांगड्या, गळ्यातले मंगळसूत्र काढून दूर ठेवायचे. सोने पारा पिते, हे सराफाच्या घरी सगळ्यांना माहीत असते, इतरांना पांढरी पडलेली अंगठी पाहून कळते. ही शेवटची सूचना ऐकली की बायका बाकीच्या सूचनाही मनावर घेतात, असा माझा अनुभव आहे.

पुढचे काम सावकाश करायचे आहे. हातात रबरी मोजे, नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या. काचेचे तुकडे आधी, कागदात गुंडाळून. मग पत्त्याच्या पानाने किंवा जाड पुठ्ठ्याने थेंब कडेकडून मधे ढकलायचे. ते एकमेकांत मिसळतात, मोठा गोळा होतो. तो औषधाच्या ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घट्ट झाकणाच्या बरणीत सोडायचा. बरणीत वर थोडे पाणी ठेवावे, म्हणजे वाफ सुटत नाही. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरायची. जे मघाशी दिसले नव्हते ते सगळे चमकू लागते, आणि त्या घटकेला घरच्यांचा चेहरा बदलतो. बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. पत्ता, पट्टी, ड्रॉपर, मोजे हे सारे त्याच कचऱ्याबरोबर दुहेरी पिशवीत. काम झाल्यावरही खिडक्या निदान चोवीस तास उघड्या हव्यात, आणि मुलांना त्या खोलीत तोवर झोपवू नये.

जमिनीची जात विचारायला विसरू नका. गुळगुळीत टाइल असेल तर काम सोपे. शहाबादी फरशीच्या सांध्यांत पारा उतरतो, तिथे टॉर्च आणि पट्टी घेऊन चिवटपणे बसावे लागते. सारवलेल्या जमिनीवर मात्र टिपत बसण्यात अर्थ नाही. थेंब पडले तिथला थर ओलसर करून खरवडायचा, बरणीत किंवा जाड पिशवीत भरायचा आणि मग नव्याने सारवायचे. त्या दिवशी मी हे सांगायला हवे होते. गोधडीवर किंवा कपड्यावर पारा प्रत्यक्ष सांडला असेल तर ती धुऊ नये, बांधून बाजूला काढावी. नुसती त्या खोलीत होती तर बाहेर उन्हावाऱ्यात टाकून मग धुतली तरी चालेल. जाळायचे मात्र काहीच नाही, अगदी कागदही नाही.

ही सगळी रीत थर्मामीटरपुरती. बी.पी. मशीन सांडले असेल तर फोनवर भागत नाही, खोली बंद करून आपण स्वतः जायला हवे. हवेतला पारा मोजणारे यंत्र आपल्यापैकी कुणाच्या दवाखान्यात नाही. म्हणून आपला टॉर्च आणि आपला संशय, हीच आपली साधने.

आता पोटाचे. "पोराने पारा गिळला" म्हणून रात्री दोनला दार ठोठावले जाते. त्या आईला धीर द्या. धातुरूप पारा धडधाकट आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, दहा हजारात एक भागही नाही. काळजी काचेची करायची, उलटी करवायची नाही. पण तोच पारा वाफ होऊन फुप्फुसात गेला तर सुमारे 80 टक्के रक्तात उतरतो. लोक गिळण्याला भितात आणि हुंगण्याला भीत नाहीत. हे उलटे चित्र आपणच सरळ करायचे आहे.

आणि लक्षणे वेळेवर ओळखायची आहेत. जास्त वाफ एकदम गेली तर खोकला, धाप, ताप, तोंडात धातूची चव, म्हणजे आपण ज्याला "व्हायरल" म्हणून सोडून देऊ असे चित्र. थोडी थोडी वाफ महिनोन्‌महिने गेली तर हाताला कंप, हिरड्या सुजणे, स्वभावात चिडखोरपणा, झोप उडणे. मुलांत तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलणे, घाम, वाढलेला रक्तदाब, उजेड सहन न होणे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत या "गुलाबी आजारा"ने मुले गेली. दात येताना द्यायच्या पावडरीतल्या पाऱ्यापर्यंत डॉक्टर पोहोचायला कितीतरी वर्षे लागली, कारण घरात काय येते हे कुणी विचारत नव्हते. संशय आला तर चोवीस तासांची लघवी पाऱ्यासाठी तपासायला पाठवा. रक्तातला आकडा मासे खाणाऱ्यात फसवतो आणि संपर्क थांबल्यावर लवकर उतरतो. पेनिसिलामाइन लिहिण्याची घाई नको. आधी माणूस पाऱ्यापासून दूर, मग तज्ज्ञांशी बोलणे, मग औषध.

घरात काय येते हे विचारण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने नुकतीच पाहिली. 2025 च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले. आधी बोट पाण्याकडे गेले, बुरशीकडे गेले. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्यांचा निष्कर्ष ज्याला पटेल त्याला पटो, मला त्यातली रीत मोलाची वाटते. ते कोठीपर्यंत गेले.

त्याच कोठीत पारा सापडतो, म्हणून हा विषय इथे आणला. वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरताना कडुनिंबाच्या पाल्याबरोबर राखाडी पारदाच्या गोळ्या टाकण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. फडक्यात बांधलेली गोळी सुटते, दाण्यात भुगा होते, कधी पोराच्या तोंडात जाते. जुन्या रुग्णपत्रिकेत "व्यसन आहे का" हा रकाना आहे, तसा "धान्यात काय घालता" हाही हवा. एरंडेल चोळून ऊन दिलेला गहू टिकतो, हे सांगायला आपल्याला कृषी पदवी लागत नाही. तसेच खामगावसारख्या चांदीच्या बाजारपेठेच्या आसपास राहणाऱ्या रुग्णाला कोरडा खोकला आणि धाप एकदम लागली, तर घरात कुणी झारेकऱ्याचे काम करते का, चुलीवर काही तापवले का, हे विचारा. 1989 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात दातांच्या भरणातली चांदी काढण्यासाठी घरातच ते वितळवले गेले आणि त्या घरातल्या चार प्रौढांचा जीव गेला.

राहिला प्रश्न बरणीचा. पारा टिपून झाला, बरणी भरली, ती द्यायची कुठे? 2016 च्या घनकचरा नियमांत घरगुती धोकादायक कचऱ्याच्या व्याख्येत फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर नाव घेऊन नोंदला होता. दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र शहरांनी उभारावे, असेही त्यात होते. धोकादायक कचऱ्याचे विदर्भातले केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. देऊळगाव राजाच्या गृहिणीने बरणी घेऊन बुटीबोरीला जावे, अशी अपेक्षा कुणी करू शकत नाही. मधला दुवा हरवला आहे, आणि मला वाटते तो आपण व्हावे. तालुक्याच्या डॉक्टर संघटनेने एक जाड झाकणाची बरणी, मोजे, पत्ते, ड्रॉपर, टॉर्च यांचा डबा एका दवाखान्यात ठेवावा, टिपलेला पारा लेबल लावून कुलपात ठेवावा, आणि नगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तो उचलण्याची लेखी मागणी करावी. एकट्या डॉक्टरच्या अर्जाला उत्तर येत नाही. पन्नास सह्यांच्या अर्जाला येते.

त्याआधी आपली कपाटे. मिनामाता करारात भारत 2018 मध्ये सामील झाला. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बी.पी. मशीन बनवणे, आयात-निर्यात करणे थांबवण्यासाठी त्या करारात 2020 हे साल घातले होते. तरीही आपल्यातले कित्येक जण "पाऱ्याचेच खरे" म्हणून जुने मशीन बॅगेत घेऊन घरोघर फिरतात. डिजिटल किंवा घड्याळी मशीन वेळोवेळी तपासून घेतले तर ते पुरेसे खरे असते, आणि फुटले तर बॅटरीपलीकडे काही सांडत नाही. जुने मशीन भंगारवाल्याला देऊ नका. तो नळी फोडून पितळ काढतो, आणि त्याचेही घर आहे.

या महिन्यात आपापल्या तालुक्यात हे करून पाहा: नगरपालिकेत जाऊन विचारा की फुटलेला थर्मामीटर कुठे जमा करायचा. जे उत्तर मिळेल ते, "माहीत नाही" हे सुद्धा, तारखेसह आम्हाला लिहून पाठवा. तेरा तालुक्यांची तेरा उत्तरे पुढच्या अंकात एका पानावर छापू.