नाताळची भेट आणि कामाचे तास

नाताळात बाजारातून आणलेल्या वस्तू देऊ नयेत, स्वतःच्या हातांनी केलेले काहीतरी द्यावे, असा उपदेश दर डिसेंबरात वाचावयास मिळतो. उपदेश चांगला आहे. तो ज्या सहजतेने केला जातो, ती सहजता मात्र मला खटकते. हातांनी काही करण्यास लागणारा वेळ प्रत्येकाजवळ असतोच, असे तिने गृहीत धरलेले असते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला भेट हा विषय मुळातच अडचणीचा. जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली विद्यार्थ्यांना मिळालेल्या नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. देणाऱ्याने मोजलेली किंमत आणि घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूचे मोल यांत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत तूट येते, असा त्याचा निष्कर्ष होता. तात्पर्य, रोख रक्कम द्यावी हे उत्तम! परंतु वस्तूचे मोल सांगताना भावनिक मोल वगळा, असे त्याने विद्यार्थ्यांना बजावले होते. भेटीतून तेवढे वगळल्यावर उरते ती केवळ खरेदी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, देणे, स्वीकारणे आणि परत देणे ही तिन्ही बंधने आहेत आणि त्या बंधनांनीच समाज बांधला जातो.

मला हे मोस वाचण्याआधी शेजाऱ्यांकडून कळले. मुंबईतील आमच्या इमारतीत एक गोवेकर कुटुंब राहते. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून ताट यावयाचे. गोव्यात या प्रथेला कोन्सुआद म्हणतात. ताटात नेवऱ्या, दोदोल, कलकल. दोदोल म्हणजे नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ यांचे मिश्रण. ते तासन् तास घोटावे लागते, हात थांबला की बुडाला लागते. कलकल वळावयास सारे घर बसते. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखी रेघाळ होते. ताट रिकामे परत करावयाचे नाही, हा नियम त्यांचा तसाच आमचा. त्यांचे ताट लाडू घेऊन परत जाई. आमचे दिवाळीच्या फराळाचे ताट केळी किंवा नारळ घेऊन येई. येथे एक कबुली दिली पाहिजे. ज्या वर्षांत मी वर्गात श्रममूल्याचा सिद्धान्त शिकवीत होतो, त्या वर्षांत ते लाडू माझ्या पत्नीने वळले. घरगुती भेटीची थोरवी गाणाऱ्यांनी, मी धरून, हे श्रम बहुधा हिशेबात घेतलेलेच नाहीत.

आता त्या घरातील आई थकली आहे. मुलगी एका मॉलमधील कपड्यांच्या दुकानात नोकरीस आहे आणि डिसेंबरात तिला रजा मागण्याची सोय नाही. गेल्या नाताळात ताट आले ते दुकानातून आणलेल्या मिठाईचे. ‘सर, आईला जमलं नाही, आणि मला सुट्टी नाही,’ असे ती ओशाळून म्हणाली. वस्तुतः ओशाळावयाचे कोणी होते?

या प्रश्नास जुना इतिहास आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली निरुपयोगी भेटींना आळा घालणारी एक संस्था निघाली. ॲन मॉर्गन आणि एलिनॉर बेल्माँट या धनाढ्य घरांतील स्त्रिया तिच्या अग्रभागी होत्या. परंतु सभासदांत मोठा भरणा नोकरी करणाऱ्या मुलींचा होता. दुकानांतील या मुलींना नाताळात वरिष्ठांच्या भेटीसाठी आपल्या तुटपुंज्या पगारातून सक्तीची वर्गणी द्यावी लागे. तिला नकार देण्याचे बळ एकटीपाशी नव्हते, ते संघटनेने दिले. त्याच काळात अमेरिकेतील ग्राहक संघटनांनी ‘नाताळची खरेदी लवकर करा’ असा प्रचार चालविला. गिऱ्हाइकाची सोय हा त्यामागील मूळ हेतू नव्हे. सणाच्या तोंडावर रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या विक्रेत्या मुलींचा आणि बालकामगारांचा भार हलका व्हावा, यासाठी तो होता. पुढे व्यापाऱ्यांनी ही घोषणा उचलली आणि तिचा अर्थ पार पालटून टाकला.

आणि आपल्याकडे? वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांत व आस्थापनांत दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. उद्योगांना चालना मिळावी, हे समर्थन. त्यात मुंबईच्या गर्दीतील येण्याजाण्याचे दोन-तीन तास मिळवा. घरी परतलेल्या त्या मुलीने रात्री अकरा वाजता नारळ खवावयास घ्यावा काय? भेटवस्तू घरोघर पोहोचविणाऱ्या तरुणांची स्थिती याहून बिकट आहे, कारण त्यांच्या कामाला तासच नाहीत, केवळ फेऱ्या आहेत.

तेव्हा ज्यांना घरगुती भेटींची परंपरा टिकावी असे मनापासून वाटते, त्यांनी पाककृतींच्या जोडीने डिसेंबरातील साप्ताहिक सुट्टी, स्वेच्छेने आणि दुप्पट वेतनावरच जादा काम, आणि आठ तासांचा दिवस या मागण्यांवरही सह्या कराव्यात. शेजारच्या मुलीस मी हे बोलून दाखविले, तेव्हा ती हसली. तिच्या दुकानात युनियन नाही.

त्यांचे ताट मात्र चार दिवस आमच्याकडेच राहिले होते. या खेपेस बेसन भाजावयास मी उभा राहिलो. पहिला घाणा करपला. दुसऱ्याचे लाडू वळले गेले, पण एकही गोल नव्हता. तसेच ते ताटात भरून मी स्वतः नेऊन दिले.